आकाश ऐकण्याचा अधिकार

ज्ञानबंदीचा इतिहास आपण बहुधा अक्षरबंदीचा इतिहास म्हणून सांगतो. पाटी नाकारली, शाळेचा उंबरठा नाकारला, पुस्तक नाकारले, असा तो क्रम असतो. परंतु लेखणीच्या आधी कान होता, आणि बंदीही प्रथम कानावरच आली. गौतम धर्मसूत्रात हेतुपुरस्सर वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख ओतावी, अशी शिक्षा सांगितली आहे. ती प्रत्यक्षात किती जणांना दिली गेली, हा निराळा प्रश्न. ती नियम म्हणून लिहून ठेवावीशी वाटली, एवढेच पुरेसे बोलके आहे. ऐकण्यातून जाणणे येते आणि जाणण्यातून प्रश्न येतो, हे नियम करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

इतिहासाच्या शिक्षकांनी उपग्रहांच्या संदेशांविषयी का लिहावे, या प्रश्नाचे उत्तर वरील परिच्छेदात आहे. आज आपल्या वसतिगृहाच्या छतावरून दररोज असे काही उपग्रह जातात, ज्यांचे बोलणे कोणीही ऐकावे असाच नियम आहे. त्यांना हौशी रेडिओचे, म्हणजेच हॅम रेडिओचे उपग्रह म्हणतात. हौशी रेडिओसेवेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी त्यावर सांकेतिक आवरण घालण्यास मनाई आहे. अपवाद फक्त उपग्रहाला आज्ञा देणाऱ्या नियंत्रण-संदेशांचा. एका नियमाने ऐकणाऱ्याचे कान बंद करावेत आणि दुसऱ्या नियमाने बोलणाऱ्याला सर्वांस ऐकू येईल असेच बोलायला लावावे, हे मानवी इतिहासातील फार मोठे अंतर आहे.

या परंपरेचा आरंभही सामान्य माणसांच्या हातून झाला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात पाठवला, तेव्हा त्याची टिकटिक जगभरच्या हौशी श्रोत्यांनी घरी बसून ऐकली. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी फावल्या वेळात तयार केलेला ऑस्कर-१ हा सुमारे साडेचार किलोचा उपग्रह एका मोठ्या उपग्रहासोबत अवकाशात गेला. तो मोर्स लिपीत एकच शब्द उच्चारत असे: ‘हाय’. प्रथम चार ठिपके, नंतर दोन ठिपके. उपग्रहातील तापमान बदलले की त्या ठिपक्यांची गती बदले, म्हणून घड्याळ लावून ठिपके मोजणारा श्रोता त्या यंत्राचा ताप मोजत असे. जेमतेम तीन आठवडे तो बोलला. तेवढ्यात २८ देशांतील ५७० हून अधिक श्रोत्यांनी आपल्या नोंदी कळवल्या. ज्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, त्यांनी केवळ ऐकून विज्ञानात भर घातली.

भारतही यात मागे राहिलेला नाही. ५ मे २००५ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ सोबत हॅमसॅट हा ४२.५ किलोचा उपग्रह सोडला. दोन वर्षांच्या अपेक्षेने पाठवलेला हा उपग्रह नऊ वर्षे सेवा देत राहिला. २२ जून २०१६ रोजी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ आणि त्याच वर्षी २६ सप्टेंबर रोजी आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ अवकाशात गेला. आमच्या मनाला अधिक भिडते ती ‘आझादीसॅट’ची हकीकत. देशातील ७५ शाळांतील ७५० मुलींच्या सहभागाने तो घडला. ७ ऑगस्ट २०२२ रोजी पहिल्या उड्डाणात तो योग्य कक्षेत पोहोचला नाही आणि निकामी ठरला. मुलींचे श्रम वाया गेले, असे कोणीही म्हटले असते. परंतु १० फेब्रुवारी २०२३ रोजी ‘आझादीसॅट-२’ कक्षेत स्थिरावला. शाळेतील मुलींचे हात अवकाशापर्यंत पोहोचू शकतात, हे आता कल्पनारंजन उरलेले नाही.

तथापि, नियमाने खुले असणे आणि प्रत्यक्षात हाती येणे यांतील अंतर आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदे मंडळात १९२३ साली संमत झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केले. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर चालत जाईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. आकाशाच्या बाबतीत आपल्याला कोणी लाठी घेऊन अडवत नाही, हे खरे. पण ‘हे आपल्यासाठी नाही’ ही मनात बसलेली समजूत लाठीपेक्षा कमी अडवत नाही. ओंजळ आपणच भरावी लागते.

ती भरणे किती सोपे आहे, हे पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. नवशिक्याने आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून आरंभ करावा. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीची एक प्रदक्षिणा करते आणि दिवसातून काही वेळा आपल्या आकाशातून जाते. त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा सांगणारी मोफत अ‍ॅप मोबाइलवर मिळतात. त्यावरील हौशी रेडिओचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो. ऐकण्यासाठी त्या पट्ट्यातील साधा एफएम ग्राहक चालतो. मूळ दूरचित्रवाणीसाठी बनवलेला, संगणकाला जोडायचा छोटा डोंगलही चालतो आणि तो काही हजार रुपयांत येतो. अँटेनासाठी सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीच्या दोन धातूच्या काड्या, एक लाकडी पट्टी आणि टीव्हीची केबल एवढ्यावर काम भागते. एक काडी केबलच्या मधल्या तारेला, दुसरी बाहेरच्या जाळीला.

स्थानक क्षितिजावर आल्यापासून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटे मिळतात. ते जवळ येताना संदेशाची वारंवारता थोडी चढलेली असते, दूर जाताना उतरते. फलाटावरून धडधडत जाणाऱ्या गाडीची शिटी ज्याने ऐकली, त्याला हे निराळे समजावावे लागत नाही. येथे हा फरक सुमारे साडेतीन किलोहर्ट्झचा असतो. म्हणून आरंभी १४५.८०५, डोक्यावर असताना १४५.८०० आणि शेवटी १४५.७९५ असा ग्राहक लावत जावे. काही ठरावीक दिवशी स्थानकावरून चित्रे ध्वनिरूपाने पाठवली जातात. तो आवाज मोबाइलमधील अ‍ॅपला ऐकवला की पडद्यावर एकेक ओळ उमटत दोनेक मिनिटांत चित्र पूर्ण होते. डॉप्लर परिणाम फळ्यावर शिकवणे आणि तो कानाने पकडणे यांत जो फरक आहे, तोच पाठांतर आणि शिक्षण यांत आहे.

पहिल्या दिवशी बहुधा केवळ खरखर ऐकू येते. एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाट असतो, अँटेनाची दिशा चुकते, वेळापत्रकात त्या दिवशी संदेश नसतोच. म्हणून नोंदवही हवी: तारीख, वेळ, दिशा, वारंवारता, काय ऐकू आले आणि काय नाही. या चिकाटीचे फळ ऑस्कर-७ च्या कथेत दिसते. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडलेला हा उपग्रह १९८१ मध्ये विजेरी बिघडून गप्प झाला आणि २००२ मध्ये अकस्मात पुन्हा ऐकू आला. सौरपट्ट्यांवर ऊन पडले की तो बोलू लागे. त्याचे पुनरागमन जगाला कळले, कारण कोणी तरी कान देत होते.

‘या छंदापायी दहावीचे गुण जातील,’ अशी शंका पालक घेतील. ती रास्त आहे, कारण आपल्या मुलांना चुकण्याची उसंत कोणी देत नाही. परंतु छंद ही कुणा एका वर्गाची वडिलोपार्जित इस्टेट नव्हे. सुखवस्तू घरातील मुलाने दुर्बीण मागितली तर ते कुतूहल ठरते आणि आपल्या मुलाने मागितली तर ती उधळपट्टी, हा हिशेब आपण स्वतःच्या घरात तरी मोडला पाहिजे. नोकरीपुरते शिकलेला विद्यार्थी उत्तरे देतो, कुतूहलाने शिकलेला विद्यार्थी प्रश्न विचारतो. समाजाला दोघेही हवेत, पण दुसऱ्याची वाण अधिक आहे.

तथागतांच्या धम्माचे एक लक्षण ‘एहिपस्सिको’ असे सांगितले जाते. ये आणि स्वतः पाहा. कोणी सांगितले म्हणून नव्हे, ग्रंथात आहे म्हणून नव्हे, तर स्वतः पडताळून स्वीकार. बुद्धवंदनेत आपली मुले रोज हा शब्द उच्चारतात. छतावर उभे राहून, घड्याळाकडे पाहत, भाकीत केलेल्या मिनिटाला खरोखर आवाज येतो की नाही हे तपासणारे मूल त्या शब्दाचा अर्थ जगत असते. तेथे नवस चालत नाही, मुहूर्त चालत नाही. चालते ते गणित.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आमची सूचना अशी: माजी विद्यार्थ्यांनी शाळेला कमान, घड्याळ वा खुर्च्या देताना एक श्रवणकेंद्रही द्यावे. दूरसंचार, रेल्वे, वीज मंडळ किंवा सैन्याच्या सिग्नल शाखेत सेवा केलेल्यांनी वर्षातून दोन रविवार द्यावेत. ते पैशापेक्षा मोलाचे ठरतील. संच मुलींच्या वसतिगृहातही असावा आणि नोंदवही मुलांनीच ठेवावी. ज्यांना पुढे स्वतः बोलायचे आहे, त्यांनी केंद्र सरकारची हौशी रेडिओची परीक्षा देऊन परवाना घ्यावा. परवान्याविना संदेश पाठवणे गुन्हा आहे, हे पहिल्याच दिवशी शिकवावे. परवाना मिळालेल्याला स्वतःचे संबोधनचिन्ह मिळते. त्यात देश कळतो. जात कळत नाही.

ज्यांच्या पूर्वजांच्या कानांसाठी शिक्षा लिहिली गेली, त्यांच्या मुलांनी आकाशाकडे कान लावावेत, यात सूड नाही, आपला वाटा घेणे आहे. तो घ्यायला आपल्या शाळेचे छत पुरेसे उंच आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.