साक्षीदारांनो, लिहा!



यंदाच्या अंकाचा विषय आहे ‘पाणी आणि माणूस’. नद्या, धरणं, समुद्र यांवरचं लेखन आत आहेच. संपादकीयाची जागा मात्र बुडणाऱ्याला वाचवणाऱ्यांसाठी राखली आहे.

ऑगस्ट 2020. तमिळनाडूतल्या पेरंबलूर जिल्ह्यातलं कोट्टरै धरण. धुणं-आंघोळ उरकून घरी निघालेल्या तीन बायकांच्या डोळ्यांदेखत चार तरुण गटांगळ्या खाऊ लागले. बायकांनी अंगावरच्या साड्या सोडून पाण्यात फेकल्या. दोघांच्या हाती पदर लागला, ते वाचले. दोघं गेले. भर उघड्यावर साडी सोडायला काय धैर्य लागतं, हे खेड्यातल्या बाईलाच विचारावं. तमिळनाडू सरकारनं त्याच महिन्यात तिघींना कल्पना चावला पुरस्कार दिला. बातमी गाजली होती, म्हणून दखलही लगेच घेतली गेली.

ज्यांची बातमी होत नाही, त्यांचं काय? 1961 पासून केंद्र सरकार जीवनरक्षा पदकं देतं. बुडताना, आगीत, अपघातात दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांसाठी ती आहेत. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवनरक्षा अशा तीन श्रेणी. वाचवणाऱ्यानं स्वतः किती धोका पत्करला, यावर श्रेणी ठरते. पदक मरणोत्तरही मिळतं. त्यावर अभयमुद्रेतला हात कोरलेला असतो. पोलीस, जवान, अग्निशामक यांचा विचार होतो तो कर्तव्याबाहेरच्या धाडसासाठी. म्हणजे हे पदक मुळात तुमच्याआमच्यासारख्यांचंच.

पण ते आपोआप चालत येत नाही. कुणीतरी प्रकरण मांडावं लागतं, मग राज्याची शिफारस केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते. वाचवणारा स्वतः अर्ज घेऊन फिरत नाही. “पोहता येत होतं, मारली उडी, त्यात काय एवढं!” म्हणत तो ओल्या कपड्यांनी घरी जातो. 2019 च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेकाठच्या कितीतरी पट्टीच्या पोहणाऱ्यांनी माणसं बाहेर काढली. त्यातल्या किती जणांची नावं कागदावर आली असतील?

2022 मध्ये देशात 38 हजारांहून अधिक माणसं बुडून गेली. ज्यांना कुणी ओढून काढलं, त्यांची मोजदाद कुठेच नाही. ती आपणच ठेवायला हवी. ज्यानं पाहिलं, त्यानं लिहावं: तारीख, वेळ, पाण्याची खोली नि ओढ, काठापासूनचं अंतर, वाचवणाऱ्याला झालेली इजा, हजर असलेल्यांची नावं. ग्रामसभेचा ठराव जोडून कागद जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावा. उशीर मात्र नको. घटना जुनी झाली की प्रकरण विचारात घेतलं जात नाही.

दुसऱ्यासाठी जिवावर उदार झालेल्याला मान मिळवून देणं ही उपकाराची गोष्ट नाही, गावाचं देणं आहे. ते फेडायला दोन पानं पुरतात.

 

— संपादक