एमसीबी पडत नाही, म्हणून?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला आणि सगळ्यांचं लक्ष बॅटरीकडे गेलं. ते योग्यच होतं. त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ या मानकातल्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. पण त्या बॅटरीपर्यंत वीज नेणारी, तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून पार्किंगमध्ये सोडलेली वायर मात्र कुणाच्याच नजरेत नाही. घरगुती चार्जिंगमधला सर्वांत कच्चा दुवा हीच वायर आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ज्या भरवशावर आपण ती रात्रभर चालू ठेवून झोपतो, तो ‘एमसीबी तर पडत नाही ना’ हा भरवसाच पोकळ आहे.

एमसीबीला फक्त करंट कळतो. शॉर्टसर्किट झालं किंवा लोड मर्यादेबाहेर गेला, की तो पडतो. पण सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली झाली, प्लगची पिन काळवंडली, तर तिथे करंट वाढत नाही. वाढतो तो रोध, आणि त्यासोबत उष्णता. समजा, अशा एका सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला. स्कूटरचा ७५० वॉटचा चार्जर साधारण साडेतीन-चार अँपिअर घेतो; म्हणजे सांध्यावर सहा ते आठ वॉटची उष्णता. मोठ्या मोटरसायकलचा ३ किलोवॉटचा चार्जर १३ अँपिअर घेतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्याच सांध्यावर ८४ वॉट साठायला लागतात. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळतं. इथे त्याच्या तिपटीहून जास्त उष्णता प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली असते. आणि १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी सगळं आलबेल. हा बिघाड डोळ्यांना मात्र आधी दिसतो: पिनच्या मुळाशी तपकिरी कडा, सॉकेटच्या भोकाभोवती पिवळट पडलेलं प्लास्टिक, जळकट वास.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की त्याच बोर्डावर हजार वॉटची इस्त्री वर्षानुवर्षं चालते, मग स्कूटरने काय बिघडतं? बिघडतं ते वेळेमुळे. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडतो आणि पाच-सहा कपडे झाले की आपण ती बंद करतो. चार्जर चार-पाच तास सलग ओढतो, तेही मध्यरात्री, जवळ कुणी नसताना. त्या काळात सांध्याला निवायला उसंतच मिळत नाही. शिवाय दोघांचा स्वभावही उलटा आहे. व्होल्टेज पडलं की इस्त्री कमी करंट घेते. चार्जर मात्र ठरलेली पॉवर मिळवायची म्हणून जास्त करंट ओढतो. बारीक आणि लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतंच. ०.७५ स्क्वेअर एमएमची २५ मीटर वायर १३ अँपिअरवर सुमारे २२० वॉट स्वतःच खाते. पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत जाते, रिळावर गुंडाळलेली असेल तर आतल्या आत राहते. आणि साध्या पीव्हीसी वायरची सहनशक्ती ७० अंशांपर्यंतच असते. १६ अँपिअरचा जाड प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटात बसवून देणारा कन्व्हर्टर तर दुकानात विकायलाच नको होता. त्यात दोन कोअरची वायर असेल तर अर्थिंग नाहीच, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून ओल्या हाताने गाडीला प्लग लावणाऱ्याच्या जिवाशी हा खेळ आहे.

मग ज्यांच्याकडे दुसरा मार्गच नाही त्यांनी काय करायचं? हा प्रश्न रास्त आहे; भाड्याच्या घरात राहणाऱ्याला ‘वायरिंग करून घ्या’ म्हणणं सोपं असतं. पक्की सोय होईपर्यंत निदान वायर तीन कोअरची, तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएमची, आयएसआय खुणेची आणि मध्ये जोड नसलेली असावी. ती पूर्ण उलगडावी, तिच्यावर दुसरं काही लावू नये, सॉकेट जमिनीवर लोळू देऊ नये, पावसात उघड्यावर तर मुळीच नाही. चार्जिंग सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने स्विच बंद करून प्लगला हात लावून बघावा. चटका बसला तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. आणि गाडीच्या पुस्तिकेत एक्स्टेन्शनला मनाईच असेल, तर तिथे तडजोड नको.

पण ही तात्पुरती सोय वर्षानुवर्षं चालते ती सोसायट्यांच्या नकारामुळे. पार्किंगमध्ये पॉइंट दिला तर आग लागेल, ही समितीची भीती खोटी नाही. पण नकार दिल्याने चार्जिंग थांबत नाही, ते खिडकीतून खाली येतं. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आपल्या सध्याच्या वीजजोडणीवर घरी गाडी चार्ज करायला मोकळीक आहे. बिलाचा वादही बऱ्याच ठिकाणी निरर्थक आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत मीटर तळमजल्यावर, पार्किंगलगतच असतात. फ्लॅटच्या स्वतःच्या मीटरपासून गाडीपर्यंतचं अंतर खिडकीपासूनच्या अंतरापेक्षा अनेकदा कमी भरतं, आणि युनिटं ज्याची त्याच्याच बिलात जातात. केंद्रीय वीज प्राधिकरणाने चार्जिंग स्टेशनसाठी जे सुरक्षा नियम केले, त्यांत सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचं लिकेज-संरक्षण अशा अटी आहेत. वाहन आणि चार्जिंग उपकरण यांच्यामध्ये एक्स्टेन्शन लावायलाही त्यांत मनाई आहे. सोसायटीने हीच यादी अट म्हणून पुढे ठेवावी, परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्यावं, मोठा चार्जर असेल तर मंजूर भार वाढवून घ्यायला सांगावं. त्यासाठी वार्षिक सभेची वाट बघायची गरज नाही. समितीच्या पुढच्याच बैठकीत हा विषय घेता येतो.