डीएनए चाचणी करायचीच तर मूल सोपवताना करा


दत्तक प्रक्रियेत डीएनए चाचणी सक्तीची करा, अशी मागणी झाली की लगेच विरोधही होतो. पण चाचणी नेमकी कधी करायची, हे कोणीच बोलत नाही.

मूल नव्या घरी रुळल्यावर त्याची चाचणी करायला माझा विरोध आहे. आमच्या भिंगारमध्ये काय किंवा कुठेही काय, कोणी मूल दत्तक घेतले की ‘कोणाचं आहे?’ हा पहिला प्रश्न. असल्या भोचक नातेवाइकांना कोणताही अहवाल पुरणार नाही. न्यायालयापुढेही हा प्रश्न आला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. जी. ए. सानप यांच्यापुढे अत्याचाराच्या प्रकरणातील जामीन अर्ज आला होता. पीडितेचे बाळ तोवर दत्तक गेले होते. त्याची डीएनए चाचणी त्याच्या हिताची ठरणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि योग्यच म्हटले. पुराव्यासाठी नमुना हवाच असेल तर बाळ संस्थेत असतानाच घ्यावा.

मूल सोपवतानाची गोष्ट वेगळी. आई बालकल्याण समितीसमोर सरेंडर डीडवर, म्हणजे मूल सोपवल्याच्या दस्तावर, सही नाहीतर अंगठा करते आणि फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. पण अंगठा देणारी बाई त्याच बाळाची आई आहे, हे ठरते मुख्यतः कागदांवरून. बाळविक्रीच्या बातम्या वाचणाऱ्याला कागद कसे तयार होतात हे सांगायला नको. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एकदा बाळाच्या, एकदा बाईच्या. बाळ रडायला लागायच्या आत काम होते.

संस्थेच्या पाळण्यात किंवा रस्त्यावर सापडलेल्या बाळाचाही नमुना घेऊन ठेवावा. तिरुअनंतपुरममध्ये आपल्या संमतीविना बाळ दिल्याची तक्रार एका आईने केली, पण तिची दखल घेतली जाईपर्यंत ते आंध्रातल्या जोडप्याकडे पोचले होते. चाचणी जुळली आणि नोव्हेंबर 2021 मध्ये कोर्टाने बाळ आईला दिले. आईला न्याय मिळाला. पण काही महिने त्या बाळाला छातीशी धरलेल्या त्या जोडप्याने कोणाचे घोडे मारले होते?

चाचणीला घाबरून एखादी मुलगी बाळ उकिरड्यावर टाकेल, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच चाचणी फक्त आईची असावी, बापाचा प्रश्नच काढू नये. डीएनएविषयीचे विधेयक सरकारने जुलै 2023 मध्ये मागे घेतले, त्यामुळे नमुने कोणी आणि किती काळ ठेवायचे याला स्वतंत्र कायदा नाही. तेव्हा आईचा नमुना जुळवणी होताच नष्ट करावा. फायलीत ‘जुळले’ एवढाच सीलबंद शेरा राहावा. नाव गुप्त ठेवण्याची तिची इच्छा 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार पुढेही पाळली जावी. सापडलेल्या बाळाचा नमुना मात्र दत्तक आदेश होईपर्यंत ठेवावा लागेल.

तो शेरा पुढे मुलाच्याच कामाचा आहे. 1973 साली जन्मलेले आणि जर्मनीत वाढलेले अरुण डोहले पुण्यातून दत्तक गेले होते. आपली फाइल पाहण्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडले. आई सापडायला 2010 उजाडले. एवढ्या खटाटोपाने उघडलेल्या फायलीतले आईचे नावच खोटे निघाले, तर त्या मुलाने कोणाच्या दारात जायचे?

नुसती चाचणीही पुरत नाही. ग्वाटेमालातून अमेरिकेत दत्तक जाणाऱ्या मुलांची चाचणी सक्तीची होती, तरी गैरप्रकार झाले. म्हणून 2007 मध्ये व्हिसाआधी दुसरी चाचणी सुरू करावी लागली. नमुना कोण घेतो, यावर सगळे अवलंबून आहे. संस्था कितीही नावाजलेली असो, तिच्या माणसांनी तो घेऊ नये.

आपल्या अहिल्यानगर शहरात स्नेहालय संस्थेचे ‘स्नेहांकुर’ हे दत्तक केंद्र आहे. शिवाय सप्टेंबर 2022 पासून दत्तक आदेश जिल्हाधिकारीच देतात. अहिल्यानगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी राज्य सरकारकडे प्रस्ताव पाठवून ही पद्धत आधी आपल्या जिल्ह्यात राबवून पाहावी. नमुना ‘सिव्हिल’ म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी बालकल्याण समितीसमोर घ्यावा, खर्च सरकारने करावा आणि अहवाल फेरविचाराच्या दोन महिन्यांत यावा. सरकारी प्रयोगशाळांतली नमुन्यांची रांग पाहता ही शेवटची अटच सर्वांत अवघड. तिची सोय झाल्याशिवाय सक्ती करू नये, नाहीतर बाळे अहवालाची वाट पाहत संस्थेतच मोठी व्हायची.

— एक वाचक, भिंगार (जि. अहिल्यानगर)