कानातला टॅग झाला, आता बाजाराचा नकाशा हवा

सप्टेंबर 2022 मध्ये लम्पीमुळे अख्खा महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' जाहीर झाला आणि गुरांचे बाजार बंद झाले. रोग वेगाने पसरत होता, त्यामुळे पर्याय नव्हता. पण बैल विकून रब्बीचं बियाणं घ्यायचं ठरवलेल्या शेतकऱ्याची कोंडी झाली. मग प्रश्न पडतो, दरवेळी सगळेच बाजार बंद करावे लागतील का?

प्रत्येक गोठा आणि प्रत्येक बाजार म्हणजे एक ठिपका समजा. जनावर इकडून तिकडे गेलं की दोन ठिपक्यांमध्ये एक बाण. झालं नेटवर्क तयार! बहुतेक गोठ्यांना एक-दोनच बाण असतात, मोजक्या मोठ्या बाजारांकडे मात्र बाणांची गर्दी असते. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास ग्रुपमध्ये असलेल्या काकांमुळे फॉरवर्ड गावभर होतो ना, तसंच. लम्पी माश्या, डास, गोचिडांमुळे पसरतो. पण माशी फार तर आसपासच्या गोठ्यांत जाते, दुसऱ्या जिल्ह्यात रोग पोचवतो तो टेम्पो.

ब्रिटनने याची मोठी किंमत मोजली. 20 फेब्रुवारी 2001 ला तिथे लाळ्या-खुरकूतची पहिली केस पक्की झाली. जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली 23 तारखेला. तोपर्यंत हेक्सम आणि लाँगटाऊनच्या बाजारांतून बाधित मेंढ्या देशभर गेल्या होत्या. पुढे 2,026 ठिकाणी रोग सापडला आणि 60 लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. आता इंग्लंडमध्ये नवं जनावर आलं की त्या फार्मवरची गुरं-मेंढ्या सर्वसाधारणपणे 6 दिवस बाहेर हलवता येत नाहीत.

या नेटवर्कमध्ये बाणावर तारीखही लागते. 'ब' गोठ्यातून 'क'कडे गाय सोमवारी गेली आणि 'ब'कडे आजारी गाय बुधवारी आली, तर त्या वाटेने 'क'ला धोका नाही. तारीख नसेल तर सॉफ्टवेअर 'क'लाही संशयित धरणार.

आपल्याकडे 12 अंकी कानातले टॅग आहेत, 'भारत पशुधन' प्रणाली आहे. 1 जून 2024 पासून महाराष्ट्रात टॅगशिवाय जनावरांची वाहतूक आणि खरेदी-विक्री करता येत नाही. पण माझ्या मते टॅगने फक्त ठिपका मिळतो. बाण मिळतो तो मालक बदलल्याची नोंद वेळेवर झाली तरच. रस्त्यातच ठरलेला, नोंद न झालेला सौदा नकाशात दिसतच नाही. आणि सरसकट बंदी घातली की असे चोरटे सौदे वाढण्याचीच भीती जास्त.

नोंदी नीट असतील तर पुढच्या साथीत नेमके धोक्याचे बाजार आधी बंद करता येतील, बाकीच्यांवर लक्ष ठेवून ते चालू ठेवता येतील. म्हणून घरचं जनावर विकलं की वडिलांना एवढंच विचारा: "टॅगवरचं नाव बदललं का?"