सहलींचा हंगाम आणि मागे राहिलेल्या गोष्टी

कोजागिरीपासून महाशिवरात्रीपर्यंतचा काळ आमच्या सातारा भागात फिरण्याचा काळ असतो. पाऊस ओसरलेला असतो, ऊन बोचत नाही, रब्बीची ज्वारी दाण्यावर येते आणि माण-खटावच्या शेतांतून हुरड्याची आमंत्रणे येऊ लागतात. त्यातच लग्नसराई, जुन्या वर्गमित्रांची स्नेहसंमेलने, ज्येष्ठ नागरिकांची नरसोबाच्या वाडीची सहल, महिला मंडळाची गणपतीपुळ्याची. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास विनामूल्य झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. या दोन निर्णयांनी वृद्धांच्या पायांना जी गती दिली, ती माझ्या कपाटातील कोणत्याही टॉनिकने दिली नसती. शनिवारी सकाळी एसटी स्थानकावरून जाताना ओळखीचे पाच-सहा रुग्ण तरी पिशव्या सांभाळत फलाटावर उभे दिसतात.

फेब्रुवारीच्या अखेरीस हीच मंडळी दवाखान्याच्या बाकावर दिसू लागतात. डिसेंबरात करावयाची रक्ततपासणी राहिलेली असते, रक्तदाबाची गोळी मध्ये आठ दिवस चुकलेली असते, पायांवर थोडी सूज असते आणि तीन आठवडे न हटणारा खोकला असतो. बहुधा सोबत मुलगा किंवा सून असते आणि तिच्या चेहऱ्यावर एक वाक्य तयार असते: "डॉक्टर, आता तुम्हीच सांगा यांना, हे फिरणे पुरे म्हणून."

ते वाक्य मी सहसा उच्चारत नाही. त्यामागे केवळ भिडस्तपणा नाही. एकटेपणाचा शरीरावर होणारा परिणाम हा आता वैद्यकशास्त्राचाच विषय झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांविषयीच्या आयोगाने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील सहा माणसांमागे एक जण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि नैराश्य यांच्याशी त्याचा संबंध दाखवला आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या, ज्यांवर काही उपाय करता येतो अशा, १४ कारणांची यादी दिली; तीतही सामाजिक एकाकीपणा आहे. म्हणून घरात बसवून ठेवलेला वृद्ध हा सुरक्षित वृद्ध असतोच, असे मला म्हणवत नाही. तो डोळ्यांसमोर असतो, एवढेच.

अर्थात काहींना मी स्पष्टपणे थांबवतो. बसल्या जागी किंवा रात्री आडवे झाल्यावर दम लागत असेल, छातीत दुखण्याचे स्वरूप अलीकडे बदलले असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन थोडेच आठवडे झाले असतील, तर सहल पुढच्या वर्षी. बाकीच्यांसाठी एक ढोबळ अंदाज सांगतो. सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर बोलत बोलत चालता येत असेल आणि दोन जिने न थांबता चढता येत असतील, तर बहुतेक ठिकाणी जाण्यास हरकत नसते. जिने चढवत नसतील, तरी वाडीच्या घाटावर बसायला कोणाची ना नाही. मात्र लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास असलेल्या पायऱ्या त्यांच्यासाठी नाहीत. मंडळी वर जाऊन येईपर्यंत खाली बसून राहण्यात कमीपणा वाटतो, ही खरी अडचण असते. तिच्यावर औषध नाही. पण खाली बसणाऱ्यासोबत आणखी एकाने थांबावे, ही सोय करता येते.

यंदाच्या हंगामात मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती जेवणाच्या वेळेची. एक निवृत्त मुख्याध्यापक, वय ७६, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेणारे. अत्यंत शिस्तीचे गृहस्थ. इतकी वर्षे गोळी सकाळी आठला आणि न्याहारी सव्वाआठला. हुरड्याच्या दिवशीही त्यांनी आठला गोळी घेतली. गाडी साडेआठला यायची होती, म्हणून न्याहारी वाटेत करू असे ठरले. गाडी आली दहाला. वाटेत चहा झाला, तोही बिनसाखरेचा. शेतावर पोहोचून आगटी पेटेपर्यंत बारा वाजले, आणि तोवर मास्तर घामाने डबडबले होते, हात थरथरत होते आणि ते जुन्या विद्यार्थ्यालाच "तू कोण?" असे विचारीत होते. भोवतालच्यांना ऊन लागले असे वाटले आणि त्यांनी त्यांना झाडाखाली झोपवले. सुदैवाने मंडळींत एक निवृत्त परिचारिका होत्या. त्यांनी हुरड्यासाठी आणलेल्या गुळाचा खडा पाण्यात कालवला आणि मास्तर शुद्धीवर असल्याची खात्री करून घोटघोट पाजला. पंधरा-वीस मिनिटांत मास्तर उठून बसले.

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे की मधुमेह म्हटले की घरची माणसे साखर वाढण्याला भितात, उतरण्याला भीत नाहीत. सहलीत हुरडा, रस, जिलेबी यांमुळे साखर वाढते हे खरे. पण एका दिवसाच्या वाढीने सहसा अनर्थ होत नाही. उतरलेली साखर मात्र तासाभरात माणसाला बेशुद्ध करू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी घड्याळ पाहून औषध घेऊ नये. समोर ताट आल्यावर घ्यावे. जेवण उशिरा होणार हे दिसतच असेल, तर खिशात भाजलेले चणे किंवा दोन बिस्किटे असावीत. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा गोंधळ दिसला, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि बरे वाटताच पोटभर खाऊ घालावे. या गोळ्यांचा अंमल पुष्कळ तास राहतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी अशा व्यक्तीला एकटे सोडू नये, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. इन्सुलिनची पेनही उन्हात उभ्या गाडीत राहू देऊ नये. ती पाण्याच्या बाटलीशेजारी, सावलीतल्या पिशवीत असावी. बर्फाला मात्र टेकवू नये, गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

दुसरी गोष्ट बोलायला संकोच वाटतो अशी, पण ती बोललीच पाहिजे. प्रवासात स्वच्छतागृह मिळेल की नाही, मिळाले तर ते वापरण्याजोगे असेल की नाही, या भीतीने आपल्याकडील स्त्रिया आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाहीत. लघवी वाढवणारी गोळी तर पुरुषही सर्रास चुकवतात. एक दिवस पाणी तोडल्याने भोवळ, बद्धकोष्ठता आणि लघवीची जळजळ, आणि हृदयाच्या रुग्णाने चार शनिवार-रविवार ती गोळी चुकवल्याने फेब्रुवारीतला दम आणि पायांवरची सूज, हे मला दरवर्षी दिसते. ही गोळी चुकवण्यापेक्षा तिची वेळ बदलता येते. मुक्कामाला पोहोचल्यावर, दुपारी घेतलेली चालते. तसे करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, इतकेच. सहल काढणाऱ्यांनी दर दोन तासांनी बऱ्या ठिकाणी थांबा ठेवला, तर निम्मी माणसे पाणी पितील. संघाच्या सहलींत जेवणाच्या पदार्थांवर तासभर चर्चा होते आणि स्वच्छतागृहाविषयी चकार शब्द निघत नाही, याचे मला नवल वाटते.

घाटात उलटी होऊ नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयीही सांगायला हवे. शेजारी बसलेला प्रवासी मोठ्या मायेने आपल्या पाकिटातली एक गोळी काढून देतो. तरुणाला तिने फक्त झोप येते. वृद्धाला तिने तोल जाऊ शकतो, भ्रम होऊ शकतो, आणि प्रोस्टेटची ग्रंथी वाढलेली असल्यास लघवी पूर्णपणे तुंबू शकते. या हंगामात मला एका गृहस्थांना लघवीची नळी घालावी लागली. पुढची जागा, खिडकी, हलके पोट यांवर भागत असेल तर उत्तम. न भागल्यास आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलीच गोळी घ्यावी.

सलग चार तासांहून अधिक वेळ पाय लोंबकळत राहिले की दोन्ही पावले सुजतात आणि रात्रभर उशीवर ठेवली की बहुधा उतरतात. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती प्रवासाची सूज समजू नये. रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी दाखवावे. तीन आठवड्यांचा खोकलाही छातीची तपासणी केल्याशिवाय 'गार वाऱ्याचा' ठरवू नये.

आता ज्यासाठी एवढा खटाटोप करायचा, त्या माणसांविषयी. जुन्या अकरावीच्या, १९६८ सालच्या वर्गाचे एक स्नेहसंमेलन या जानेवारीत झाले. त्यांतले तिघे माझे रुग्ण. दोघे परतल्यावर आठवडाभर त्याच गोष्टी सांगत होते. तिसरे म्हणाले, "जाऊन आलो. पण पुन्हा जाणार नाही." कारण विचारता उत्तर मिळेना. पत्नी गेल्यापासून ते मिटलेलेच होते. नैराश्याची शंका आली म्हणून मी खोलात शिरलो. तेव्हा कळले की त्या दिवशी वीस जणांच्या गलक्यात त्यांना एकही वाक्य धड ऐकू आले नव्हते. सारे हसले की तेही हसत होते. मग एकाने एका दिवंगत मित्राची आठवण सांगितली, आणि ती विनोदी असावी असे समजून हे हसले. त्यानंतर जेवणापर्यंत त्यांच्याशी फारसे कोणी बोलले नाही.

त्यांना श्रवणयंत्र होते. ते तीन वर्षे कपाटात होते, कारण भांड्यांचा आवाज फार मोठा येतो, अशी त्यांची तक्रार. यंत्र कानाला एकदा लावले की झाले, असे नसते. ते बसवून घ्यावे लागते, दोन-तीनदा जाऊन आवाज जुळवून घ्यावा लागतो, आणि मेंदूलाही पुन्हा ऐकायची सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात. कधी कधी तर कानात मळच साचलेला असतो, तो काढला की निम्मे काम होते. लॅन्सेटच्या त्याच यादीत कमी ऐकू येणे हेही एक कारण आहे, आणि मला ते एकाकीपणाच्या शेजारीच लिहावेसे वाटते. ऐकू न येणारा माणूस भरल्या घरातही एकटा असतो. चष्मा लावायला आपण लाजत नाही. यंत्राची लाज कशाला बाळगावी, हे मला आजवर उमगलेले नाही. त्या गृहस्थांना मी श्रवणतज्ज्ञाकडे पाठवले आहे आणि त्यांच्या वर्गातील दोघांना निरोप दिला आहे: वीस जणांनी एकदा भेटण्यापेक्षा दोघांनी दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी जावे, समोर बसावे, सावकाश बोलावे. गेले चार रविवार ते जात आहेत. मित्राच्या आठवणीवर हसण्याचा खुलासाही झाला म्हणे.

या वयात मित्रमंडळींतील एक-दोन नावे दरवर्षी कमी होतात. यादी आपोआप भरून निघत नाही. त्यासाठी कोणीतरी दार वाजवावे लागते. पंधरा-वीस वर्षांनी लहान असलेल्या शेजाऱ्याशी जमलेली मैत्रीही मैत्रीच असते, हे ज्येष्ठांनी मनावर घ्यावे, असे मला सुचवावेसे वाटते.

आणि एक नाव सहलीच्या कोणत्याच यादीत नसते. माझ्या एका रुग्ण स्त्रीचे वय ५८. सासूबाई पक्षाघाताने सहा वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. महिला मंडळाची वर्गणी ही बाई नेमाने भरते. सहलीला एकदाही गेलेली नाही. यंदा तिचा रक्तदाब पहिल्यांदाच वाढलेला सापडला, झोप तीन-चार तासांवर आली होती. मी तिला गोळी लिहून दिली. पण पतीला आणि नणंदेला बोलावून घेतले. दोन दिवस घर सांभाळणे म्हणजे काय, ते कागदावर मांडले: दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, घास भरवताना पाठ किती उभी हवी, पाणी चमच्याने का द्यायचे, कोणती गोळी कुटून चालते आणि कोणती चालत नाही. पती सहा वर्षे त्याच घरात राहत होते, परंतु यांतल्या पुष्कळ गोष्टी त्यांना नव्याने कळल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. नणंद मात्र लगेच म्हणाली, "वहिनी, तू जा. आईपाशी मी आहे." बाईंचा पहिला प्रश्न होता, "आणि मी नसताना काही झाले तर?" त्या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नसते. तिच्या उपस्थितीतही काही होऊ शकते, हे मी सांगितले, आणि माझा भ्रमणध्वनी क्रमांक त्या कागदावर लिहून दिला.

मंडळाची गणपतीपुळ्याची शेवटची सहल मार्चच्या दुसऱ्या शनिवारी आहे. त्यापुढे कोकणात उकाडा वाढतो, त्यामुळे ती पुढे ढकलता येणार नाही. नणंद शुक्रवारी रात्री मुक्कामाला येणार आहे. पतीने गेल्या रविवारी पहिल्यांदा आईची कूस बदलली. चादर चुरगळली, पण आईंना त्रास झाला नाही. बाईंनी आगाऊ पैसे भरले आहेत आणि खिडकीची जागा मागितली आहे.