कीबोर्ड चालला, त्यात काय एवढे?

मोबाइलच्या चार्जरमुळे यूएसबी हा शब्द शिर्डीतल्या हारफुलांच्या दुकानापर्यंत पोहोचला आहे. वायर खोचली की काम झाले. त्या खाचेमागे काय कारभार चालतो याची आपण चौकशी करीत नाही, करण्याचे कारणही नाही. पण एखादा मुलगा ती करू लागला, की त्याला वेड्यात काढण्याची घाई आपण का करतो?

इथे लॉज चालवणाऱ्या माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा मुलगा कोपरगावला इंजिनिअरिंग शिकला. गेले आठ महिने तो स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्राम, लिहीत बसला आहे. कोणी सांगितलेले नाही, कोणी पैसे देणार नाही. त्यातले पाच महिने यूएसबीच्या होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर लिहिण्यात गेले. वडील म्हणाले, "साहेब, 'ए' दाबला आन् पडद्यावर 'ए' उमटला, म्हणून घरभर नाचलं पोरगं. बाजारात चारशे रुपयांत चालणारा कीबोर्ड मिळतो की!" शैक्षणिक कर्जाचे हप्ते सुरू झालेला बाप दुसरे काय म्हणणार?

पण त्या 'ए'ची हकिगत ऐकण्यासारखी आहे. होस्ट कंट्रोलर ही संगणकातली चिप. यूएसबीला जोडलेल्या प्रत्येक वस्तूचा व्यवहार तिच्यामार्फत चालतो. कीबोर्ड आपणहून बोलत नाही. दर काही मिलिसेकंदांनी त्याला 'काही आहे का?' असे विचारावे लागते. नवी वस्तू जोडली की तिचा पत्ता शून्य, आणि शून्यावर एका वेळी एकच. मग तिला १ ते १२७ मधला क्रमांक मिळतो आणि तू कोण, कोणी बनवले, काम काय, अशी विचारपूस होते. गुरुवारी दर्शनरांग सांभाळणाऱ्यांना हे चटकन कळेल.

मला सर्वांत भावली ती ताबा घेण्याची रीत. संगणक सुरू होताना कीबोर्ड बायोस नावाच्या आधीच्या प्रोग्रामच्या हाती असतो. नव्या सिस्टिमने 'आता मी पाहतो' अशी खूण ठरावीक जागी करायची आणि बायोस आपली खूण काढेपर्यंत थांबायचे. बँकेत शाखेचा चार्ज देता-घेताना किल्ल्यांचे असेच असे. जाणाऱ्याची सही झाल्याशिवाय येणाऱ्याने स्ट्राँगरूमला हात लावायचा नाही. फरक इतकाच, की इथे ताबा घेतल्यावर आपला ड्रायव्हर चुकला तर कीबोर्डच मुका होतो. मग काय चुकले हे विचारायला टाइप करायचे कशावर? प्रोग्रामने उभ्या केलेल्या नकली संगणकावर त्याचे सारे सुरळीत होते. खऱ्या यंत्रावर तीन आठवडे काही हलले नाही.

मुलगा वडिलांना लिनक्सचा दाखला देतो. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने छंद म्हणून सुरू केलेले ते काम आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात आहे. खरे आहे, पण लॉटरी लागलेल्याचे नाव सांगून कर्ज मागण्यातला हा प्रकार. वडोदऱ्याचे अजय भट्ट इंटेलमध्ये यूएसबीच्या घडणीत आघाडीवर होते आणि १९९६ मध्ये तिचे पहिले नियम प्रसिद्ध झाले, हे सांगूनही भागत नाही. ते पगारी काम होते.

माझे म्हणणे वेगळे आहे. संगणक शिकलेली आपली बहुतेक मुले दुसऱ्याने बांधलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर काम करतात. तळघरात उतरणारी थोडी. आता तर प्रोग्राम यंत्रच लिहून देते. तो खऱ्या चिपवर का अडला, हे शेकडो पानांचे नियम वाचून शोधणारा माणूस मात्र लागतो. तीन आठवडे एका खुणेपाशी चिकाटीने थांबणे गुणपत्रिकेवर दिसत नाही. मुलाखत घेणाऱ्यांनी तेच विचारले पाहिजे.

हप्ता कोणासाठी थांबत नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. म्हणून मुलाला सांगितले, दिवसा नोकरी धर, रात्री ड्रायव्हर लिही. वडिलांना सांगितले, टोमणे बंद करा. मुलाने मान डोलावली. वडिलांनी विचारले, "पेनड्राइव्ह तरी चालतो का त्याच्यात?"

तो अजून चालत नाही.