पोलिश क्रियापदं शिकताना मराठी हाताशी ठेवा



माझी एक माजी विद्यार्थिनी पोलंडला शिकायला निघाली होती. 'शंभर महत्त्वाची क्रियापदं' ही यादी तिने इंग्रजी अर्थासह घडाघडा म्हणून दाखवली. मी विचारलं, "मी काल घरी होते, हे कसं सांगशील?" ती म्हणाली, "बिवेम..."

हे झालं पुरुषाचं रूप! मुलीने 'बिवाम' म्हणायचं. इंग्रजीत दोघांना एकच 'वॉज', त्यामुळे हा फरक तिच्या लक्षातच आला नव्हता. मी म्हटलं, "अगं, होतो आणि होते!" तिला लगेच उमगलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे : पोलिश शिकणाऱ्या आपल्या मुलांनी मराठीचा आधार घ्यावा. किती गोष्टी जुळतात बघा. आपण नुसतं 'येतो हं' म्हणतो, 'मी' लागत नाही. तसंच पोलिशमध्ये नुसतं 'येस्तेम' म्हटलं की 'मी आहे' असा अर्थ होतो. 'पिसाच' म्हणजे लिहीत असणं, 'नापिसाच' म्हणजे लिहून काढणं. 'पिच' म्हणजे पिणे, 'दाच' म्हणजे देणे. ही तर मुळात एकाच भाषाकुळातली नाती!

आदराने बोलणंही ओळखीचं वाटेल. आपण समोरच्यालाच "साहेब चहा घेणार का?" असं विचारतो ना? पोलिश माणूसही अनोळखी व्यक्तीशी बोलताना 'पान' (साहेब) किंवा 'पानी' (बाई) म्हणतो आणि क्रियापद तृतीय पुरुषी वापरतो.

अर्थात सगळंच जुळत नाही. 'मी काम केलं' यात आपलं क्रियापद कामाप्रमाणे बदलतं; पोलिशमध्ये ते करणाऱ्याप्रमाणेच बदलतं. हा फरकही मुलांना दाखवून द्यायला हवा.

आणि शब्द सुटे नकोत, प्रसंगात हवेत. 'प्शेप्राशाम' म्हणजे माफ करा. पण रस्त्यात कुणाला थांबवताना तेच आपलं 'अहो, जरा ऐकता का?' होतं. 'प्रोशे' म्हणजे कृपया. वस्तू हातात देताना 'हे घ्या' आणि 'जेंकुये' म्हणजे धन्यवाद, त्याला उत्तर म्हणूनही 'प्रोशे'च! यादीत याचा एकच अर्थ असतो, दुकानात मात्र तिन्ही लागतात.

तेव्हा पालकहो, आठवड्याला पाचच क्रियापदं घ्या. प्रत्येकाचं एक वाक्य मुलांकडून घरात मोठ्याने बोलून घ्या. आणि मराठी माध्यमात शिकलो म्हणून मागे पडू, ही भीती त्यांच्या मनातून काढून टाका. परकी भाषा शिकायला लागणारी निम्मी शिदोरी त्यांच्याजवळ आधीच आहे.